बुटीबोरीची षष्ठी : विभक्ती आणि कारक

नागपूरहून वर्धा मार्गाने दक्षिणेकडे निघाले की बुटीबोरी लागते. येथून एक रस्ता वर्ध्याकडे वळतो व दुसरा हिंगणघाटावरून हैदराबादेकडे जातो. आज हे नाव उच्चारताच कारखाने, औद्योगिक वसाहत आणि मालमोटारींच्या रांगा डोळ्यांपुढे येतात. भाषेच्या अभ्यासकाने मात्र या नावापाशी जरा थांबावे असे आम्हांला वाटते. बोरी हे मूळ गावाचे नाव. बोरीच्या झाडावरून पडलेली अशी गावे विदर्भात अनेक आहेत, त्यामुळे एकीला दुसरीपासून वेगळे काढण्यासाठी काहीतरी जोड द्यावी लागते. यवतमाळकडची बोरी ‘बोरी अरब’ झाली, तर नागपूरजवळची ‘बुटीबोरी’. बुटी हे नागपुरातील सावकारी व मालगुजारी असलेले नामांकित घराणे. शिर्डीचा ज्या वाड्यात १९१८ साली साईबाबांचे समाधिस्थान झाले, तो वाडा बांधणारे गोपाळराव बुटी याच घराण्यातले. ही बोरी बुटींची, एवढाच त्या ग्रामनामाचा सरळ अर्थ.

शाळेत शिकलेले व्याकरण येथे लगेच उत्तर देते : बुटींची बोरी ती बुटीबोरी, षष्ठी तत्पुरुष समास. उत्तर बरोबर आहे. परंतु त्यातून एक अवघड प्रश्न निघतो. समासात षष्ठीचा प्रत्यय गळाला, ‘ची’ कोठेही उरली नाही, तरी आपण तेथे षष्ठी आहे असे म्हणतो, ते कशाच्या बळावर? रूप नसताना विभक्ती कशी? आणि जे शिल्लक राहिले आहे, म्हणजे मालक आणि मालकीची वस्तू यांच्यातला संबंध, त्याला कोणते नाव द्यायचे? त्याला ‘कारक’ म्हणता येईल काय? बी.ए.च्या वर्गात हा प्रश्न विचारला, तर निम्मे विद्यार्थी ‘होय’ म्हणतील. ‘विभक्ती’ आणि ‘कारक’ या दोन संज्ञा आपल्याकडे इतक्या एकमेकींत मिसळल्या आहेत की एकीच्या जागी दुसरी वापरली तरी कोणाला खटकत नाही. ही सरमिसळ कशी झाली आणि तिच्यामुळे काय बिघडते, हे पाहण्याचा येथे प्रयत्न आहे.

प्रारंभ पाणिनीपासून केला पाहिजे, कारण या दोन्ही संज्ञांची आखणी त्याच्या अष्टाध्यायीत अत्यंत काटेकोर आहे, आणि ती दोन वेगळ्या ठिकाणी आहे. कारकांचे प्रकरण पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादात येते. अपादान, संप्रदान, करण, अधिकरण, कर्म आणि कर्ता ही सहा कारके तेथे सांगितली आहेत. त्यांच्या व्याख्यांत प्रत्ययाचा उल्लेखच नाही. एखादी क्रिया घडताना जो स्वतंत्र असतो तो कर्ता. क्रियेच्या सिद्धीला जे सर्वांत जवळचे साधन ते करण. दूर होण्याच्या क्रियेत जे स्थिर राहते ते अपादान. अशी ही रीत आहे. विभक्ती कोठे लावायची याचे प्रकरण त्यानंतर बऱ्याच अंतराने, दुसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात येते. प्रत्यक्ष प्रत्ययांची यादी तर त्याहून पुढे, चौथ्या अध्यायात. सात विभक्ती, तीन वचने, असे एकवीस प्रत्यय. म्हणजे आधी क्रियेत कोणाचा वाटा काय ते ठरवायचे, मग त्यासाठी कोणती विभक्ती ते पाहायचे आणि शेवटी रूप सिद्ध करायचे. कारक हा आशय आहे, विभक्ती हे चिन्ह आहे, आणि या दोहोंना जोडणारे नियम ही तिसरी गोष्ट आहे.

या व्यवस्थेतले दोन मुद्दे विशेष ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. पहिला प्रथमेविषयी. प्रथमा म्हणजे कर्ता असे पाणिनी कोठेही म्हणत नाही. क्रियापदाने जे कारक स्वतःच सांगून टाकले, त्यासाठी नामाला वेगळी विभक्ती लावण्याचे कारण उरत नाही; तेथे केवळ नामाचा अर्थ सांगणारी प्रथमा येते. म्हणून कर्तरी रचनेत कर्ता प्रथमेत दिसतो आणि कर्मणी रचनेत कर्म. दुसरा मुद्दा षष्ठीविषयी. सहा कारकांत ‘संबंध’ नाही. कारकांचे अर्थ वाटून झाल्यावर जे शेष राहते, त्यासाठी षष्ठी आहे. कारण उघड आहे. कारक म्हणजे क्रिया घडवून आणण्यात ज्याचा हातभार आहे ते. ‘बुटींची बोरी’ यात क्रियाच नाही. एका नामाचा दुसऱ्या नामाशी असलेला तो स्वामित्वाचा संबंध आहे. तेव्हा आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर असे की बुटीबोरीत षष्ठीचा अर्थ आहे, षष्ठीचे रूप नाही, आणि कारक तर मुळीच नाही.

आता मराठीकडे वळू. आपल्या शालेय व्याकरणांत विभक्तींचा एक तक्ता असतो. डाव्या रकान्यात प्रथमा ते संबोधन, मधल्या रकान्यात प्रत्यय आणि उजव्या रकान्यात ‘कारकार्थ’ : प्रथमा – कर्ता, द्वितीया – कर्म, तृतीया – करण, चतुर्थी – संप्रदान, पंचमी – अपादान, षष्ठी – संबंध, सप्तमी – अधिकरण, संबोधन – हाक. हा तक्ता पाठ करून पिढ्यान्‌पिढ्या परीक्षा उत्तीर्ण झाल्या. परंतु पाणिनीने ज्यांना दूर ठेवले होते त्या दोन गोष्टी या तक्त्याने एका ओळीत आणून बसवल्या. शिवाय संबंध आणि हाक हे कारकार्थ नव्हेत, तरी रकाना रिकामा राहू नये म्हणून तेही तेथे आले.

भाषेतली उदाहरणे या तक्त्याला जुमानत नाहीत. एकच कर्ता घ्या. ‘सखू भाकरी करते’, ‘सखूने भाकरी केली’, ‘सखूला भाकरी करायची आहे’, ‘सखूच्याने भाकरी करवत नाही’, ‘सखूकडून भाकरी केली गेली’. भाकरी करणारी व्यक्ती पाचही वाक्यांत एकच आहे, तिच्या नामाची रूपे मात्र पाच तऱ्हांची आहेत, आणि शेवटच्या दोन रूपांना तक्त्यात धड जागाही नाही. दुसऱ्या वाक्यात प्रथमेत कोण आहे? भाकरी, म्हणजे कर्म. ‘केली’ हे क्रियापद तिच्याच लिंगवचनाप्रमाणे चालते. प्रथमा म्हणजे कर्ता हे समीकरण अशा प्रत्येक कर्मणी वाक्यात मोडते, आणि मराठीत भूतकाळातली सकर्मक वाक्ये बोलताना आपण ते क्षणोक्षणी मोडत असतो.

उलट बाजूने एकच प्रत्यय घ्या. ‘पोराने गवत कापले’ यात ‘ने’ कर्त्याचा, ‘विळ्याने गवत कापले’ यात साधनाचा, ‘तापाने अंग दुखते’ यात कारणाचा. ‘ला’ तर याहून उदार आहे : ‘बैलाला बांधले’ येथे कर्म, ‘बैलाला चारा घातला’ येथे संप्रदान, ‘बैलाला तहान लागली’ येथे अनुभव घेणारा, ‘बुटीबोरीला गेलो’ येथे पोहोचण्याचे ठिकाण, ‘सोमवारला ये’ येथे वेळ. ‘बुटीबोरीहून निघालो’ यात अपादान आहे. ‘बुटीबोरीहून नागपूर मोठे’ यात काहीही कोठूनही निघालेले नाही, केवळ तुलना आहे. प्रत्यय तोच, पहिल्यात कारक आहे, दुसऱ्यात नाही.

येथे कोणी विचारील, की मग द्वितीया आणि चतुर्थी वेगळ्या का मानायच्या? दोन्हींचे प्रत्यय एकच : स, ला, ते. रूपावरून पाहिले तर मराठीत त्या दोन विभक्ती नाहीतच. त्या दोन मानल्या गेल्या, त्या कर्म आणि संप्रदान हे दोन अर्थ वेगळे आहेत म्हणून. म्हणजे आपण विभक्ती मोजतो असे म्हणत कारके मोजत होतो. बरे, अर्थावरून मोजायचे तर ‘ने’चे कर्ता आणि करण असे दोन भाग का केले नाहीत? तसे केले नाही, कारण संस्कृतात तेथे एकच तृतीया होती. मराठी विभक्तींची संख्या ना मराठीच्या रूपांवरून ठरली, ना अर्थावरून. ती संस्कृताच्या संख्येवरून ठरली.

ही गोष्ट कशी घडली हे समजण्यासाठी एकोणिसाव्या शतकात जावे लागते. मराठी व्याकरणाचा विचार त्याआधीही झाला होता. महानुभाव पंथातील भीष्माचार्यांचे ‘पंचवार्तिक’ त्याची साक्ष देते. परंतु आज आपण शिकतो त्या व्याकरणाची घडण ब्रिटिश काळातली. विल्यम कॅरे याचे मराठीचे व्याकरण १८०५ साली सेरामपूरला छापले गेले. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ मध्ये आले. पुढे कृष्णशास्त्री चिपळूणकरांचे व्याकरणविषयक निबंध, कृष्णशास्त्री गोडबोल्यांचे १८६७ मधील ‘मराठी भाषेचे नवीन व्याकरण’ आणि रामचंद्र भिकाजी जोशी यांचे १८८९ मधील ‘प्रौढबोध व्याकरण’ अशी परंपरा चालू राहिली. या मंडळींपुढे दोन साचे होते, एक संस्कृताचा आणि दुसरा इंग्रजीचा. इंग्रजी व्याकरणातला ‘केस’ हा शब्द लॅटिन परंपरेतून आलेला, त्याचा मूळ अर्थ ‘पडणे’. नाम आपल्या सरळ स्थितीतून कलते, ढळते, तो केस. या एका शब्दात रूपही येते आणि अर्थही येतो. कारक आणि विभक्ती हा भेद त्या परंपरेने स्वतंत्र संज्ञांनी केलाच नव्हता. त्या एका शब्दापुढे मराठीत दोन शब्द उभे राहिले, तेव्हा दोन्ही एकाच अर्थाचे आहेत असा ग्रह होणे साहजिकच होते. पाश्चात्त्य भाषाविज्ञानाला हा भेद पुन्हा ठळकपणे मांडावा लागला तो १९६८ साली, चार्ल्स फिलमोर यांच्या प्रसिद्ध निबंधात. रूपाच्या केसखाली अर्थाचा एक खोल केस असतो, हे त्यांचे म्हणणे पाणिनीच्या वाचकाला फारसे नवे वाटू नये.

या इतिहासात नागपूरचा भाग मोठा आहे. मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली प्रसिद्ध झाले. कवी केशवसुतांचे हे बंधू आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत नागपुरात अध्यापन करीत होते. आधीच्या सर्व वैयाकरणांची मते समोर ठेवून त्यांची छाननी करणारा असा ग्रंथ मराठीत पूर्वी नव्हता. त्या वेळी नागपूर ही मध्यप्रांताची राजधानी होती. १९०३ पासून वऱ्हाडही त्या प्रांताच्या कारभाराला जोडला गेला होता. प्रांत दोन भाषांचा, मराठी आणि हिंदी. याच प्रांताच्या हिंदी भागात, सागर-जबलपूरकडे, कामताप्रसाद गुरू हिंदीचे व्याकरण लिहीत होते. १९२० च्या सुमारास काशीच्या नागरी प्रचारिणी सभेने ते प्रकाशित केले आणि हिंदी व्याकरणात त्याला आजही प्रमाण मानतात.

गुरूंनी ‘कारक’ ही संज्ञा वेगळ्याच अर्थाने वापरली. नामाच्या ज्या रूपामुळे त्याचा वाक्यातील दुसऱ्या शब्दाशी संबंध कळतो, ते रूप म्हणजे कारक. आणि ते रूप साधण्यासाठी लागणारे ‘ने’, ‘को’, ‘से’ हे चिन्ह म्हणजे विभक्ती. साहजिकच त्यांची कारके आठ झाली. संबंध आणि संबोधन यांनाही कारकांत स्थान मिळाले. एका प्रांतात, दहा वर्षांच्या आत, दोन थोर व्याकरणे आली आणि एकाच संस्कृत शब्दाला दोन अर्थ चिकटले. हिंदी शाळेत ‘आठ कारके’, मराठी शाळेत ‘आठ विभक्ती’. नागपूरकडचा विद्यार्थी दोन्ही भाषा शिकतो, सकाळच्या तासाला हे आणि दुपारच्या तासाला ते, आणि दोन्ही एकच असा निष्कर्ष काढून मोकळा होतो. त्याला दोष कसा द्यावा? पुस्तके त्याला तेच सांगतात. गुरूंची व्याख्या चुकीची असे आमचे म्हणणे नाही. संज्ञा आपल्या शास्त्रात ज्या अर्थाने ठरवावी तो तिचा अर्थ. परंतु पाणिनीची संज्ञा आणि गुरूंची संज्ञा एक नव्हे, हे शिकवणाऱ्याने सांगितले पाहिजे. ‘राम ने चाकू से काटा’ आणि ‘रामाने चाकूने कापले’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवली, तर सारा भेद पाच मिनिटांत समजतो. हिंदीने कर्ता आणि करण यांना दोन चिन्हे दिली, मराठीने एक. कारके दोन्हीकडे तीच आहेत.

या भेदाला एक ऐतिहासिक बाजूही आहे, आणि आमच्या मते तीच सर्वांत महत्त्वाची. विभक्ती मरतात, कारके मरत नाहीत. वररुचीच्या ‘प्राकृतप्रकाशा’त चतुर्थीच्या जागी षष्ठी येते असा नियम आहे. म्हणजे प्राकृतात चतुर्थीचे रूप नाहीसे झाले होते. म्हणून प्राकृत बोलणारे लोक एकमेकांना काही देईनासे झाले काय? संप्रदान होतेच, ते षष्ठीच्या घरात राहायला गेले इतकेच. पुढे जुन्या रूपांचा आणखी झिजून चुरा झाला. त्यातले जे उरले ते आपले सामान्यरूप : घर–घरा, आंबा–आंब्या. त्याच्यापुढे नवे प्रत्यय जोडून मराठीने आपली नवी व्यवस्था उभारली. लीळाचरित्राच्या भाषेत ‘सि’ आणि ‘तें’ आहेत. आज बोलण्यात ‘ला’ आहे. कर्म आणि संप्रदान मात्र त्या काळीही होते व आजही आहेत.

आणि येथे पुन्हा बुटीबोरीत यावे लागते. त्या भागातला माणूस सहज बोलताना ‘मले’, ‘त्याले’, ‘बुटीबोरीले’ असे म्हणतो. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या १९०५ मधील मराठीच्या खंडात वऱ्हाडी-नागपुरी बोलींची स्वतंत्र नोंद आहे. शाळेच्या तक्त्यात मात्र ‘ले’ नाही. तेथे ‘ते’ आहे, जो आज कोणीही बोलत नाही आणि जो केवळ जुन्या काव्यात भेटतो. म्हणजे शेकडो वर्षांपूर्वी बोलण्यातून गेलेला प्रत्यय मुलाने पाठ करायचा आणि घरात रोज कानी पडणारा प्रत्यय चूक म्हणून खोडायचा. मूल ‘मले भूक लागली’ असे लिहिते तेव्हा लाल शाईची रेघ ओढणारा शिक्षक काय दुरुस्त करीत असतो? प्रमाणलेखनासाठी ‘ला’ शिकवणे आवश्यक आहे, याविषयी दुमत नाही. परंतु त्या मुलाचे व्याकरण चुकलेले नसते. कोणाला भूक लागली हे त्याने निःसंदिग्धपणे सांगितलेले असते. कारकसंबंध शाबूत असतो. वेगळा असतो तो केवळ एका बोलीचा विभक्तिप्रत्यय. हा भेद ज्या शिक्षकाला ठाऊक आहे तो ‘हे प्रमाणभाषेत असे लिहितात’ असे म्हणेल. ज्याला ठाऊक नाही तो ‘तुला मराठी येत नाही’ असे म्हणेल. दोन संज्ञांतले अंतर येथे केवळ पंडितांच्या वादाचे राहत नाही.

साहित्याच्या विद्यार्थ्याला तर या भेदाची गरज पदोपदी भासते. ‘आईची आठवण’ या दोन शब्दांचा अर्थ काय? आई कोणाला तरी आठवते आहे, की आई कोणाची तरी आठवण काढते आहे? ‘आठवण’ या नामाच्या पोटात एक क्रिया आहे आणि त्या क्रियेत आई कर्ता आहे की कर्म, हे षष्ठी सांगत नाही. ‘राजाची हत्या’, ‘मुलांची भीती’, ‘मित्राचा शोध’ यांचेही तसेच. ‘बुटींची बोरी’ या षष्ठीत कारक नव्हते. या षष्ठींत ते आहे, पण झाकलेले. कवितेत असे शब्द आले की दोन अर्थांपैकी एक घाईने निवडून पुढे जाण्याचा मोह होतो. विभक्ती एक असून कारके दोन संभवतात हे ज्याला कळते, तो वाचक थांबतो, आणि पुष्कळदा कवीने दोन्ही अर्थ जाणूनबुजून एकत्र ठेवले आहेत हे त्याच्या लक्षात येते. कारक हे वस्तूत नसते, ते सांगणाऱ्याच्या विवक्षेत असते, हा विचार महाभाष्य आणि भर्तृहरी यांच्यापासून चालत आलेला आहे. ‘मी सुरीने कापतो’ म्हटले तर सुरी करण. ‘ही सुरी छान कापते’ म्हटले तर तीच सुरी कर्ता. सुरी बदललेली नाही, पाहणारा बदलला आहे. शैलीचा अभ्यास यापेक्षा वेगळा काय असतो?

मराठी वैयाकरणांनी या प्रश्नाकडे दुर्लक्ष केले असे म्हणता येणार नाही. अरविंद मंगरूळकरांनी १९६४ मधील ‘मराठी व्याकरणाचा पुनर्विचार’ या पुस्तकात संस्कृताच्या साच्याची चिकित्सा केली. कृष्ण श्री. अर्जुनवाडकरांनी मराठी व्याकरणातील वादांचा आणि नंतर त्याच्या इतिहासाचाही परामर्श घेतला. ‘चा-ची-चे’ हा प्रत्यय पुढच्या नामाच्या लिंगवचनाप्रमाणे बदलतो, तेव्हा षष्ठीला विभक्ती म्हणावे की विशेषण, हा वादही जुना आहे. विद्वानांचा हा विचार ग्रंथांत राहिला आणि शाळेत तक्ता राहिला, ही खरी अडचण. तक्ता काढून टाका असे आम्ही म्हणत नाही. त्यातला उजवा रकाना वेगळा करावा, त्यावर सहाच कारके लिहावीत, आणि दोन याद्यांमधल्या रेघा विद्यार्थ्यांना स्वतः ओढू द्याव्यात. एका प्रत्ययापासून चार रेघा निघतील, एका कारकाकडे पाच रेघा येतील, षष्ठीपासून कदाचित एकही निघणार नाही. त्या गुंतागुंतीकडे पाहूनच विद्यार्थ्याला भाषा म्हणजे काय ते उमजेल.

राहिली ती बुटीबोरी. १९५१ साली मध्यप्रदेशात मालगुजारी कायद्याने संपुष्टात आली. १९५६ मध्ये नागपूर मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आले. शेतांच्या जागी पुढे कारखाने उभे राहिले. जमिनीवरचे जुने स्वामित्व गेले, नावातला त्याचा प्रत्यय तर समासात आधीच गळाला होता. तरीही गावाचे नाव घेणारा प्रत्येक माणूस, बुटी कोण हे ठाऊक नसतानाही, ती षष्ठी उच्चारीत असतो. रूप नाही, कारक नाही, वस्तुस्थितीही नाही. शब्दांमधला संबंध तेवढा टिकून आहे. विभक्तीचा अर्थ आणि विभक्तीचे रूप या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, याला याहून जवळचे उदाहरण नागपूरकडच्या शिक्षकाला शोधावे लागणार नाही.